मोटारीचं तोंड कोणतं?

धुळ्याचे इस्माईलचाचा मिस्त्री नसते, तर आमच्या आबांची मोटार पुरणाचे मांडे खाऊन मेली असती आणि तिच्या पाठोपाठ मीही गेलो असतो. ती अपचनाने, मी लाजेने.

चाचांचं नाव पहिल्याच ओळीत घेतलं ते बरं झालं. शेवटी घेतलं असतं, तर तोवर तुम्हाला वाटलं असतं की मोटार मीच दुरुस्त केली. (लोकांना असं वाटू देण्याची मला फार जुनी खोड आहे. तिनेच हा सगळा घोळ घातला.)

आबा म्हणजे आमचे वडील. जळगावजवळ असोद्याला आमची केळीची बाग. लढाई संपली, मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा आबांनी बैलजोडी विकून एक पिकअप आणली. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, आणि रंग असा की चिखलात उभी केली तर हात लावून शोधावी लागे! विकलेल्या जोडीतल्या थोरल्या बैलाचं नाव हौश्या. आबांनी तेच मोटारीला दिलं. सकाळी "चल रे हौश्या" म्हणत हँडल मारायचे आणि ब्रेक दाबताना तोंडाने "होऽ, होऽ" करायचे. मोटार त्या "होऽ होऽ"नेच थांबते, अशी माझी दहा वर्षांचा होईपर्यंत पक्की समजूत होती.

हौश्या केळीचे घड घेऊन जळगाव स्टेशनावर जायचा आणि पोळ्याच्या दिवशी गावच्या बैलांबरोबर मिरवायचा. मडगार्डांना गेरू, दिव्यांना गोंडे, आरशाला घुंगरमाळ. पहिल्या वर्षी सगळं गाव हसलं. आबा शांतपणे म्हणाले, "बैलाच्या जागी आला हाये तो. बैलाचं काम करतो. मंग बैलाचा मान काहून नही?" दुसऱ्या वर्षी कोणी हसलं नाही. तिसऱ्या वर्षी हौश्याला यायला उशीर झाला, तर वेशीतल्या तोरणाखालून बैल काढायचे थांबवून लोक वाट बघत उभे राहिले.

पुढे आबा गेले. हौश्या गोठ्यापाशी उभा राहिला तो उभाच राहिला. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, चाकावरून गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, वेल चढली, खिडकीतून आत शिरली आणि स्टिअरिंगला गिलकी लागली. माय ती तोडून भाजी करायची आणि म्हणायची, "आबाच्या हातची हायेत."

मी तेव्हा कलकत्त्याला होतो. मराठी सहावीत गणिताने माझा निरोप घेतला. भुसावळचे मामा रेल्वेत, त्यांची बदली तिकडे झाली, त्यांनी मलाही सोबत नेलं. एका मोटारीच्या वर्कशॉपात त्यांनी मला चिकटवलं. काम असं की, दुरुस्त झालेली मोटार साबणाने धुवायची, पुसायची आणि दोनशे पावलांवरच्या शेडमध्ये नेऊन लावायची. घरी पत्र लिहिताना मी लिहिलं, "मोटारींच्या कारखान्यात आहे. माझा हात लागल्याशिवाय एकही मोटार बाहेर पडत नाही."

यात एक अक्षर खोटं आहे का? नाही! पण हे पत्र आमचे नानाकाका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, पारावर मोठ्याने वाचायचे. पाराचा स्वभाव असा की तिथे पडलेलं वाक्य उठेपर्यंत दुप्पट होतं. तीन पत्रांत मी फिटर झालो, पाचव्यात इंजिनेर!

त्या वर्षी श्रावण लागायच्या आधीच नानांचं पत्र आलं. "गोठ्यात नवी म्हैस बांधायची आहे. मोटार जागा अडवून बसली आहे. जळगावचा भंगारवाला मागतो आहे. तुझी माय ऐकत नाही. तू एवढा इंजिनेर आहेस तर ये, आणि यंदाच्या पोळ्यात हौश्याला तोरणाखालून काढून दाखव. नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावणार." खाली मायने सांगून लिहवलेली एक ओळ होती. "आबाची मोटार लोखंडाच्या भावानं गेली तं मले वाटीन, मानूस दुसऱ्यांदा गेला."

त्या ओळीने माझी जेवणावरची वासना उडाली. पोळ्याच्या बेताने तीन आठवड्यांची रजा काढली. कलकत्ता ते जळगाव या सबंध प्रवासात मी डबा उघडला नाही. 

घरी पोचलो तर अंगणात पन्नास माणसं. कोणीतरी सतरंजीही घातलेली!

"इंजिनेर आला, इंजिनेर आला! सरका, हवा येऊ द्या!"

मी मोटारीभोवती एक चक्कर मारली. गंभीर चेहरा केला. दुसरी चक्कर मारली. तिसऱ्या चकरेला नाना म्हणाले, "प्रदक्षिना झाल्या आसतीन तं टोपन उघड."

अडचण हीच होती की ते टोपण, म्हणजे बॉनेट, कुठून उघडतं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ते फिटर लोक उघडायचे आणि बंद करून मगच मोटार माझ्याकडे पाठवायचे. मी डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं, मग घाम पुसत जाहीर केलं, "हे मिलिटरीचं आहे. कलकत्त्याची उलट्या बाजूने उघडतात. याला एक खास पाना लागतो, तो फक्त धुळ्याला मिळेल."

गावाने माना डोलावल्या. नानांनी मात्र बॉनेटची कडी एका बोटाने उचलून ते उघडून ठेवलं आणि म्हणाले, "जाय, पाना घेऊन ये."

धुळ्यात इस्माईलचाचांचं गॅरेज होतं, म्हणजे एक चिंचेचं झाड आणि त्याखाली बरीचशी लोखंडी मोडतोड. आबांना मोटार चालवायला चाचांनीच शिकवलं होतं. त्यानंतर दर ईदला आबा स्वतः केळीचा घड घेऊन तिथे जायचे. पारोळ्यावरून बस पुढे निघाली तेव्हा मी ठरवलं होतं की आपण रुबाबात बोलायचं, काम सांगायचं. पण चाचा मोटारीखाली झोपलेले होते, फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि पायांशी रुबाबात बोलणं मला जमलं नाही.

"चाचा, मी असोद्याच्या आबांचा पुंडलिक."

पाय स्थिर झाले. मग सगळे चाचा बाहेर आले. मेंदी लावलेली दाढी, कपाळावर काळं तेल. माझा चेहरा निरखू लागले.

"नाक बापाचंच शे. काम काय करतोस बेटा?"

"मोटारींच्या कारखान्यात..."

"काम विचारतो, जागा नही."

मी खाली बघितलं. "पुसतो, चाचा. धुतो आणि पुसतो."

चाचा इतके हसले की चिंचेवरचे कावळे उडाले. मग डोळे पुसत म्हणाले, "अरे मग रडतोस काय? चांगलं पुसता येणं म्हणजे अर्धी मोटार आली. उरलेली अर्धी मी बघतो." त्यांनी पान्यांची पेटी उचलली, गॅरेज चिंचेच्या हवाली केलं आणि माझ्याबरोबर बसमध्ये येऊन बसले. मी एका शब्दाने विनंती केलेली नव्हती. आणि वाटेत मी चाचरत म्हटलं, "गावात ते... इंजिनेर..." तेव्हा ते खिडकीबाहेर बघत एवढंच बोलले, "समजलं. तू साहेब, मी तुझा हेल्पर."

पुढचे आठ दिवस चाचांनी माझी जी काय फिरकी घेतली! हौश्याखाली पाठ टेकून ते सारं इंजिन खोलायचे, आणि माणसं जमली की मुद्दाम मोठ्याने विचारायचे, "साहेब, हा नट किती आवळू?"

"साडेतीन!" मी ठोकून द्यायचो.

"साडेतीन काय साहेब? आटे का मण?"

"तुमच्या अंदाजाने घ्या!"

"वा! साहेब हेल्परवर विश्वास ठेवतात," असं म्हणून चाचा नट हवा तेवढा आवळायचे. मी कोंबड्या हाकलल्या, गिलक्याची वेल सोडवली, गंज घासला आणि मडगार्ड असं पुसलं की त्यात नाना मिशा बघू लागले. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी चाचांनी हँडल मारलं. हौश्या खोकला, शिंकला, मागून काळा ढग सोडला (तो वाळत घातलेल्या धोतरांवर बसला) आणि फडफडत सुरू झाला! माय ओट्यावर उभी होती. ती आत गेली आणि लगेच पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडायला बसली.

इथवर सगळं चाचांच्या हातात होतं म्हणून ठीक होतं. पोळ्याच्या दिवशी दुपारी चाचा विहिरीवर आंघोळीला गेले. म्हणजे मोटार अर्धा तास माझ्या हातात आली.

आमच्याकडे रीत अशी की मिरवणुकीआधी बैलाला मालकाने आपल्या हाताने पुरणाचा घास भरवायचा. माय ताट घेऊन आली. ताटात पाच मांडे. खान्देशातला मांडा म्हणजे उपड्या खापरावर भाजलेली, हातरुमालाहून मोठी, पुरणाने गच्च भरलेली पोळी. एक खाल्ली की माणूस भिंत शोधतो.

"आबा हौश्याले कसा भरवत व्हते?" मी विचारलं.

"मले काय ठाऊक? मी चुलीपाशी," माय म्हणाली. "ते ताट घेऊन जायचे. रिकामं घेऊन यायचे."

झालं! मोटारीचं तोंड कोणतं, यावर अंगणात सभा भरली.

नाना म्हणाले, "पुढं जाळी हाये ते दात. दात तिथं तोंड."

शेजारचा धोंडू म्हणाला, "पेट्रोल कोठून पेतो? बाजूच्या भोकातून. तेच तोंड."

मग दामूआबा उठले. वय नव्वदीच्या आसपास, आणि त्यांचं बोलणं गावात कोणी खोडून काढत नसे. ते काठी टेकत म्हणाले, "पेट्रोल औषध हाये. औषध नळीनं कोठूनबी देता येतं. बैल ज्या तोंडानं पानी पेतो त्याच तोंडानं खातो. हा पानी कोठून पेतो?"

सभा चकित झाली. असा युक्तिवाद मी कलकत्त्यातही ऐकला नव्हता! सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मायनेही बघितलं. इंजिनेर काय म्हणतो?

"मला माहीत नाही, चाचांना येऊ द्या," हे म्हणायला किती श्वास लागतो? अर्धा! पण माझी ती जुनी खोड. मी बॉनेटच्या पुढच्या टोकाचं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि म्हणालो, "दामूआबा बरोबर सांगतात. हेच तोंड."

पहिला मांडा मी घडी करून अंगठ्याने ढकलला. दुसरा लाकडी रवीने. माय हात जोडून म्हणत होती, "खाय बाबा, वर्षाचा उपाशी हायेस." तिसऱ्याला हौश्याच्या घशातून गुडगुड असा आवाज आला. नाना म्हणाले, "पावला!" मी उरलेले दोनही भरवले. वरून वाटीभर दूध सोडलं. (कोरडं गिळायला त्रास होऊ नये म्हणून.) झाकण लावलं, कडेला लागलेलं पुरण पुसलं. पुसण्यात माझा हात कोणी धरत नाही.

चाचा आंघोळ करून, अत्तर लावून, पांढरी टोपी घालून आले आणि माझ्या शेजारी बसले. मी मोटार चालवणार होतो! दोनशे पावलांचा अनुभव, तोही पहिल्या गिअरमध्ये. पण पोळ्याची मिरवणूक पहिल्या गिअरच्या वर जातेच कुठे? पुढे डफ, मग बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि शेवटी आमचा हौश्या. पाटलांच्या ओट्यापर्यंत झकास. बाया खिडक्यांतून बघत होत्या. एका म्हाताऱ्याने डोळ्यांना पदरासारखं उपरणं लावलं. माझाही ऊर भरून आला होता, तेवढ्यात चाचांनी नाक वर केलं.

"बेटा, वास येतो का कसला?"

"अत्तराचा?"

"नही. चाळीस वर्षं मोटारी पाहिल्या. इंजिन तापलं की रबराचा वास येतो, तेलाचा येतो. वेलदोड्याचा आज पहिल्यांदाच येऊ ऱ्हायला."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"आणि जायफळाचा," चाचा म्हणाले.

झाकणाखालून वाफ निघाली. आधी दोऱ्यासारखी, मग दोरखंडासारखी. वेस तीस पावलांवर होती आणि हौश्या कढईसारखा रटरटू लागला. मी "होऽ होऽ" केलं आणि ब्रेकही दाबला. (दोन्ही केलेलं बरं.) उडी मारून पुढे धावलो. मागून चाचा ओरडले, "झाकनाले हात नको लावू! बठ्ठे बाजूले व्हा, सगळे!" मी मागे सरलो आणि झाकणाने कोणाच्या हाताची वाट पाहिली नाही. धडाम! सोनेरी कारंजं उडालं. पुरण आभाळात गेलं, तिथे जरा थांबलं आणि खाली येताना त्यातलं बहुतेक नानांच्या नव्या फेट्याने झेललं. सुदैवाने तोवर ते कोमट झालं होतं. पुढच्या बैलांनी माना वळवल्या, वास घेतला आणि सगळी मिरवणूक उलटी फिरून हौश्याला चाटायला लागली! कोणी मडगार्ड चाटतंय, कोणी दिवे. डफवाला तेवढा वाजवत राहिला, त्याला मागचं दिसत नव्हतं.

चाचा खाली उतरले. रेडिएटरच्या तोंडात बघितलं, बोट घातलं, बोट चाटलं.

"किती?"

"पाच."

"दूध?"

"वाटीभर."

चाचांनी टोपी काढून बगलेत धरली. "पुंडलिक, तुझे आबा हे ताट घेऊन केबिनमध्ये बसायचे आणि पाचही मांडे स्वतः खायचे. मला म्हणायचे, ड्रायव्हर हेच गाडीचं तोंड."

हसू फुटलं ते दामूआबांपासून सुरू झालं आणि वेशीपर्यंत पसरत गेलं. नाना मात्र हसले नाहीत. फेट्यावरचं पुरण निथळत होतं. ते म्हणाले, "इंजिनेर! मोटार तोरणाखालून गेली नही. सकाळी भंगारवाला येईन."

 हौश्या काही आता चालणार नव्हता. धोंडू म्हणाला, "दोन बैल जुपा ना पुढं." दामूआबांनी काठी आपटली. "पोळ्याच्या दिशी बैलाच्या मानेवर जू? गावात पाऊस पडनार नही!" खरंच होतं. वर्षातला तेवढा एक दिवस आमच्याकडे बैलाला कोणी जुंपत नाही.

तेव्हा माय आली. बायांच्या घोळक्यातून सरळ चालत आली, केबिनचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. आबा असताना त्या सीटवर ती कधी बसली नव्हती. तिथे नेहमी केळीचे घड असायचे. समोर वेशीकडे बघत ती म्हणाली, "बैल नही तं मानसं जुपा. मी उतरनार नही."

नानांनी मग फेटा काढून माझ्या हातात दिला, मागे गेले आणि हौद्याला खांदा लावला. "बघता काय रे? माह्या भावाची मोटार हाये!" त्यांच्यापाठोपाठ धोंडू, पाटलांचे गडी, डफवाला (त्याला अखेर मागचं दिसलं), आणि मडगार्डाला हात लावत इस्माईलचाचा. मला चाचांनी स्टिअरिंगवर ढकललं. "तू बस. लोटताना तू मध्ये आलास तर कोणाचा तरी पाय मोडशील."

हौश्या हलला. माणसांच्या "हुर्रे हौश्या"त, बैलांच्या चाटण्यात, तीस पावलं. मायच्या शेजारी बसून मी मान खाली घातली आणि म्हणालो, "माय, मी कारखान्यात मोटारी दुरुस्त नही करत. पुसतो फक्त."

"मले ठाऊक व्हतं," ती समोर बघत म्हणाली. "तुह्या पत्राले साबनाचा वास येतो."

तोरणाची आंब्याची पानं टपावरून घासत गेली. भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतः वेशीवरून परत पाठवलं आणि म्हशीला छपराच्या दुसऱ्या टोकाला दावं बांधलं. चाचा आणखी तीन दिवस राहिले. धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी घालून घालून त्यांनी हौश्याच्या पोटातून हरभऱ्याची शेवटची डाळ बाहेर काढली. चौथ्या दिवशी हौश्याने केळीचे घड स्टेशनावर पोचवले. त्या सगळ्या दिवसांत गावातलं कोणी "इंजिनेर कोण?" म्हणून विचारलं की चाचा म्हणायचे, "साहेब पुंडलिक. मी फक्त पुरण काढायला आलो शे."

मी कलकत्त्याला परतलो. आता फिटरच्या हाताखाली उभा राहतो, विचारून विचारून शिकतो. ("मला माहीत नाही" हे वाक्य आता मला अस्खलित येतं.) माझ्या आबांची मोटार, माझ्या मायची सीट आणि माझी उरलीसुरली इभ्रत, तिन्ही ज्यांनी वाचवली त्यांचे उपकार फेडायचे राहिले आहेत. म्हणून मी चाचांना पत्र टाकलं की एक दिवस मी स्वतः हौश्या चालवत धुळ्याला येईन, तुम्हाला शेजारी मानाने बसवीन आणि सबंध खान्देश हिंडवून आणीन, हा माझा शब्द.

आठ दिवसांत उत्तर आलं. "जरूर ये, बेटा. बैलगाडी मी सांगून ठेवतो."

ठीक आहे! बैलगाडी तर बैलगाडी. एक ना एक दिवस चाचांना तिच्यात बसवून मीच हाकणार, आणि तेही सबंध खान्देशभर. (बैलगाडी मला हाकता येत नाही, हे मात्र पत्रात लिहायचं राहून गेलं.)